पोलादाचे भांडे : उच्चतापसह पदार्थांच्या शुद्धतेचा इतिहास

पोलादाचा इतिहास सहसा भट्ट्या आणि त्यांचे निर्माते यांच्याभोवती लिहिला जातो. सुमारे १,६०० अंश सेल्सिअस तापमानाचा पोलादाचा रस ज्या भांड्यात तयार होतो, ज्या भांड्यातून साच्यापर्यंत नेला जातो आणि ज्या नळीतून साच्यात उतरतो, त्या भांड्याच्या आणि नळीच्या अस्तराला या इतिहासात क्वचितच जागा मिळते. हे अस्तर ज्या द्रव्यांचे असते त्यांना शास्त्रीय मराठीत उच्चतापसह पदार्थ म्हणतात आणि कारखान्यात नुसते ‘लायनिंग’ म्हणतात. चिकणमाती, गारगोटी, चुना, मॅग्नेशिया, ॲल्युमिना, ग्रॅफाइट अशी ही द्रव्ये पोलाद वितळते त्या तापमानालाही घट्ट राहतात, निदान तशी अपेक्षा असते. गेल्या पावणेतीनशे वर्षांत या द्रव्यांकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलत गेली. वीट किती दिवस टिकते, एवढाच प्रश्न आरंभी विचारला जात असे. झिजलेली वीट जाते कुठे आणि ती पोलादात काय सोडून जाते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला, आणि ओतीव पोलादातील दोष कमी होण्याचा मार्ग त्या दुसऱ्या प्रश्नातूनच निघाला.

येथे दोष म्हणजे काय, ते आधी स्पष्ट केले पाहिजे. वितळलेल्या पोलादात विरघळलेला ऑक्सिजन धातू थिजताना कार्बनशी संयोग पावून वायूचे बुडबुडे निर्माण करतो, म्हणून ओतण्यापूर्वी तो काढून टाकावा लागतो; त्यासाठी रसात मँगॅनीज, सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम घालतात आणि ऑक्सिजन त्यांच्याशी बांधला जाऊन ऑक्साइडांचे सूक्ष्म कण तयार होतात. यांतील बहुतेक कण वर येऊन मळीत, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या वितळलेल्या खनिजांच्या थरात, मिसळतात, तर काही धातूतच अडकून पडतात. हे कण पोलादाच्या पोटात जन्मलेले असतात. दुसऱ्या जातीचे कण बाहेरून येतात : विटेचा झिजलेला कपचा, नळीच्या भिंतीवरून सुटलेले कवच, विटेच्या घटकांशी रसाची अभिक्रिया होऊन तयार झालेले काचेसारखे थेंब. बाहेरून आलेले कण संख्येने थोडे, पण आकाराने मोठे असतात आणि अपघात बहुधा मोठ्या कणापाशी सुरू होतो. टायरमध्ये घालण्याची पोलादी तार ओढून ओढून ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणतात. तिच्यात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा एक कठीण कण आला तरी तार ओढतानाच तुटते. बॉल बेअरिंगच्या कड्यात पृष्ठभागाखाली असा कण राहिला, तर कोट्यवधी वेळा भार येऊन-जाऊन त्याच्याभोवती सूक्ष्म भेग पडते आणि शेवटी तिथला धातूचा तुकडा निखळतो. उत्तम बेअरिंग पोलादात आज सर्व प्रकारे बांधलेला ऑक्सिजन मिळून टनामागे दहा ग्रॅमपेक्षाही कमी असावा लागतो. एक टन रसाच्या भांड्याच्या भिंतीवरून किती ग्रॅम वीट झिजली म्हणजे हा हिशेब बिघडेल, याचा विचार केला की अस्तराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

भांडे पोलादाच्या घडणीत भाग घेते याचा जुना पुरावा दख्खनमध्येच मिळतो. आजच्या तेलंगणातील, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील कोनासमुद्रम या गावी मुशींत पोलाद तयार होत असे आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथवर येत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसे याने त्या कामाचे वर्णन लिहून ठेवले आहे. मूस म्हणजे धातू वितळवण्याचे मातीचे पात्र. कोनासमुद्रमच्या मुशींच्या मातीत भाताचा तूस भरपूर मिसळलेला असे. तूस जळून कोळसा होतो, पण त्यात निसर्गतःच असलेली सिलिका मागे राहते, आणि भट्टीच्या उष्णतेत माती, कोळसा व सिलिका यांचे मिळून एक काळे, कणखर द्रव्य बनते. विसाव्या शतकातील संशोधकांनी या मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात म्युलाइट हे ॲल्युमिना आणि सिलिका यांचे उष्णता सोसणारे संयुग जाळीसारखे वाढलेले दिसले. कार्बनयुक्त उच्चतापसह पदार्थ ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कल्पना मानली जाते. दख्खनच्या लोहारांनी ती रसायनशास्त्राचा आधार न घेता, शेतातल्या तुसातून साधली होती, हे मान्य करायला हवे.

इंग्लंडमध्ये हेच काम बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने अठराव्या शतकाच्या चाळिशीत शेफील्डजवळ हाती घेतले. घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद हवे होते, आणि ते वितळवायचे तर १,६०० अंशांच्या आसपास तग धरणारी मूस हवी होती. तिची माती मुख्यतः स्टाउरब्रिजच्या खाणींतून येई. शेफील्डमध्ये मुशी घडवण्याचे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ त्याच पद्धतीने चालले. निरनिराळ्या खाणींतील माती आणि कोकची पूड पाण्यात कालवून फरशीवर पसरत आणि कुंभार ती अनवाणी पायांनी कित्येक तास तुडवत असे. यंत्राऐवजी पाय वापरण्याला सबळ कारण होते. मातीत राहिलेला खडा किंवा हवेचा बुडबुडा तळव्याला जाणवतो. तो काढला नाही तर भट्टीत मूस तडकते आणि पंचवीस किलोच्या आसपासचा रस विस्तवात वाहून जातो. घडवलेल्या मुशी आठवडेच्या आठवडे फळ्यांवर वाळत. एक मूस एकाच दिवशी लागोपाठ तीनदा वापरून टाकून देत, आणि प्रत्येक खेपेला तिच्यात धातू थोडा कमी भरत. मळीची रेघ ज्या उंचीवर भिंतीला लागते तेथेच मूस सर्वांत अधिक खाल्ली जाते. पुढच्या खेपेला ती रेघ न झिजलेल्या भागावर यावी म्हणून ही काळजी घेतली जाई. मळीरेषेवरची झीज हा आजही अस्तराच्या अभियंत्याचा पहिला प्रश्न असतो.

शेफील्डच्या कारागिरांना आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. धातू पूर्ण वितळल्यावर लगेच ओतला तर लगडीत, म्हणजे साच्यात थिजलेल्या ठोकळ्यात, बुडबुडे राहत. तोच रस आणखी अर्धा तास तापत ठेवला तर तो शांत होई आणि लगड भरीव निघे. याचे कारण पुढे कळले. त्या अर्ध्या तासात रसातील कार्बन मुशीच्या मातीतील सिलिकेतून सिलिकॉन सोडवून घेई आणि तो सिलिकॉन रसातील ऑक्सिजन बांधून टाकी. म्हणजे पोलाद शांत करणारे द्रव्य बाहेरून कोणी घालत नव्हते. ते भांड्याच्या भिंतीतून येत होते. शेफील्डच्या पोलादाच्या कीर्तीत तिथल्या मातीचा हा वाटा होता, आणि भांडे व धातू यांची विभागणी करून लिहिलेल्या इतिहासात तो हरवून जातो.

याच काळात मँगॅनीजचा प्रवेश झाला आणि त्याच्यामागे भारतात काम केलेला एक माणूस होता. जोसाया मार्शल हीथ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील अधिकारी. त्याने पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना काढला आणि पुढे शेफील्डला जाऊन १८३९ मध्ये मुशीतील पोलादात मँगॅनीजचे कार्बाइड घालण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे हलक्या प्रतीच्या लोखंडापासूनही घडाऊ पोलाद मिळू लागले. पेटंटाचे खटले मात्र हीथच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. मँगॅनीजने पोलाद सुधारले आणि त्याच वेळी मातीच्या अस्तराला नवा शत्रू मिळाला, कारण मँगॅनीज मातीतील सिलिकेचा ऑक्सिजन ओढून घेते, मँगॅनीज ऑक्साइड उरलेल्या सिलिकेशी मिळून पातळ काच बनवते आणि ती काच रसात उतरते. नागपूर–भंडाऱ्याच्या खाणींतील मँगॅनीज विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभरच्या पोलाद कारखान्यांत जाऊ लागले, तेव्हा हा झगडा प्रत्येक कारखान्यात रोजचा झाला होता. बारा टक्क्यांच्या आसपास मँगॅनीज असलेल्या हॅडफील्डच्या पोलादाचे ओतीव रेल्वे-क्रॉसिंग साध्या गारेच्या वाळूच्या साच्यात ओतले तर वाळू त्याच्या अंगाला चिकटून वितळते. म्हणून अशा ओतकामासाठी ओतशाळांना ऑलिव्हिन किंवा क्रोमाइट या खनिजांच्या वाळूकडे वळावे लागले.

मातीपेक्षा अधिक उष्णता सोसणारी वीट वेल्समध्ये तयार झाली. १८२० च्या दशकात विल्यम वेस्टन यंग याने नीथ खोऱ्यातील डिनास या कड्याचा जवळपास शुद्ध सिलिकेचा दगड दळून, त्यात सुमारे एक टक्का चुना मिसळून विटा भाजल्या. ‘डिनास’ हे नाव जर्मन व रशियन भाषांत सिलिका-विटेचे सामान्यनाम होऊन बसले. सीमेन्स आणि मार्टिन यांच्या उघड्या चुलीच्या भट्टीचे छत या विटेवरच उभे राहिले. तिचा इतिहास शुद्धतेच्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत बोवेन आणि ग्रेग यांनी ॲल्युमिना व सिलिका यांच्या मिश्रणांचा तापमानानुसार नकाशा प्रसिद्ध केला, आणि सिलिकेत ॲल्युमिनाचा अल्पांश मिसळला तरी ती शंभराहून अधिक अंश आधीच पाझरू लागते हे त्यावरून दिसले. चांगला उष्णतारोधक म्हणून नावाजलेला ॲल्युमिना येथे घाण ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिना, टायटेनिया आणि क्षार मिळून अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवलेल्या विटा आल्या आणि भट्टीचे छत अधिक तापमानाला तग धरू लागले. याच सिलिकेच्या धुळीने मात्र दगड फोडणाऱ्या आणि विटा पाडणाऱ्या कामगारांची फुफ्फुसे निकामी केली. ब्रिटनमध्ये सिलिकोसिसची भरपाई देणारी पहिली योजना १९१९ मध्ये निघाली ती उच्चतापसह पदार्थांच्या उद्योगासाठीच.

बेसेमरचे परिवर्तक, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून कार्बन जाळण्याचे उभे पात्र, १८५६ मध्ये जाहीर झाले. त्याचे अस्तर शेफील्डकडच्या गॅनिस्टर या सिलिकायुक्त दगडाचे असे. या पात्रात फॉस्फरस जात नसे, आणि फॉस्फरस राहिलेले पोलाद थंडीत काचेसारखे तडकते. फॉस्फरस ओढून घेईल अशी मळी चुन्याची करावी लागते, पण चुन्याची मळी सिलिकेचे अस्तर खाऊन टाकते, कारण सिलिका आम्लधर्मी तर चुना क्षारधर्मी आहे. म्हणजे धातू शुद्ध करण्याची वाट विटेने अडवली होती. ती ज्याने मोकळी केली तो सिडनी गिलख्रिस्ट टॉमस लंडनच्या एका पोलीस कोर्टात कारकून होता आणि संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग करीत असे. त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधील ब्लेनाव्हनच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. तेथे दोघांनी क्षारधर्मी अस्तराचे प्रयोग केले. भाजलेले डोलोमाइट, म्हणजे चुना आणि मॅग्नेशिया यांचे मिश्रण, हवेतील ओलावा ओढून भुगा होते, म्हणून ते डांबरात मळून त्याचे अस्तर ठोकायचे, असा तोडगा पुढे रूढ झाला. १८७८ मध्ये टॉमसने धातुतज्ज्ञांच्या सभेत या यशाची घोषणा केली तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. एप्रिल १८७९ मध्ये मिडल्सब्रोच्या बोल्कॉव्ह-व्हॉन कारखान्यात प्रात्यक्षिक झाले आणि त्यानंतर युरोपातील कारखानदार परवान्यासाठी धावून आले. लॉरेनच्या फॉस्फरसयुक्त खनिजाला त्या दिवसापासून किंमत आली, मळी शेतात खत म्हणून विकली जाऊ लागली, आणि टॉमस १८८५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला. एका अस्तराने देशांच्या औद्योगिक बळाचा तराजू हलवावा, असे दुसरे उदाहरण पोलादाच्या इतिहासात नाही.

क्षारधर्मी अस्तरासाठी मॅग्नेशिया हवा होता आणि तो १८८० च्या दशकापासून ऑस्ट्रियातील फाइट्शच्या मॅग्नेसाइट खाणींतून येऊ लागला. समुद्रमार्ग बंद झाले की ब्रिटनचा हा पुरवठा तुटे, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हार्टलपूल येथे समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशिया काढण्याचा कारखाना उभा राहिला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्या पाण्यात भाजलेले डोलोमाइट घातले की मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड साका होऊन खाली बसते. ते धुऊन, गाळून, अतिउच्च तापमानाला भाजले की खाणीतल्या दगडापेक्षा शुद्ध मॅग्नेशिया मिळतो. पण या शुद्ध मॅग्नेशियाच्या विटाही भट्टीत अपेक्षेपेक्षा लवकर मऊ पडत. शोधाअंती दोष समुद्रातून आलेल्या बोरॉनमध्ये निघाला : टक्क्याचा दहावा भाग बोरॉन ऑक्साइडही दाण्यांच्या सांध्यांत पातळ काच बनवून विटेची तापलेल्या स्थितीतील ताकद घालवते. तेव्हा बोरॉन धुऊन काढण्याचे उपाय योजले गेले. त्याच काळात असेही दिसून आले की विटेतील चुना आणि सिलिका यांचे वजन दोनास एक या प्रमाणात राखले, तर सांध्यांत २,१०० अंशांपर्यंत न वितळणारे कॅल्शियम सिलिकेट बनते, आणि तेच प्रमाण एकास एककडे घसरले की १,५०० अंशांच्या आसपासच वितळणारी संयुगे बनतात. वीट कोणत्या खनिजाची आहे यापेक्षा तिच्या दाण्यांच्या सांध्यांत काय आहे हे महत्त्वाचे, ही समज येथून पक्की झाली, आणि पुढील सर्व सुधारणांचा पाया तीच आहे.

भट्टीच्या विटांवर एवढा अभ्यास होत असताना ओतकामाच्या विटा मात्र दीर्घकाळ जुन्याच राहिल्या. भट्टीतून काढलेला रस लेडलमध्ये, म्हणजे क्रेनने उचलायच्या बादलीसारख्या पात्रात, घेत. लेडलच्या तळाला मातीचे नोझल असे आणि त्यावर मातीच्या नळकांड्यांनी मढवलेला स्टॉपर रॉड बसवून रसाचा प्रवाह उघडत-मिटत. लगडी खालून भरायच्या असल्या तर रस उभ्या नळीतून उतरून जमिनीतील मातीच्या पोकळ विटांमधून साच्यात चढे. हे सगळे सामान फायरक्लेचे आणि एकदा वापरून फेकून द्यायचे असल्याने स्वस्तात स्वस्त घेतले जाई. या मातीत निम्म्याहून अधिक सिलिका असते. रसात मँगॅनीज असेल तर वर सांगितलेली झीज होई; आणि ॲल्युमिनियमने शांत केलेले पोलाद असेल तर ॲल्युमिनियम सिलिकेला फोडून तिचा ऑक्सिजन घेई आणि ॲल्युमिनाचे कठीण कण तयार होत. भट्टीत कमावलेली शुद्धता ओतण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत अशी गमावली जाई. महायुद्धानंतरच्या दशकांत संशोधकांनी विटांत किरणोत्सारी मूलद्रव्ये मिसळून ती पोलादात कुठे पोहोचतात याचा माग काढला, आणि मोठ्या कणांचा काही भाग खरोखरच ओतकामाच्या विटांतून येतो हे वादातीत झाले. वर्षानुवर्षे तो दोष भट्टीवाल्यांच्या नावावर टाकला गेला होता.

सलग ओतकामाने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा ठिकाणी आणून ठेवला. सलग ओतकामात लगडी न पाडता रस पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यातून अखंड उतरवतात आणि थिजलेला पट्टा खालून बाहेर काढतात. जर्मनीत सीगफ्रीड युंगहान्स याने ही पद्धत आधी इतर धातूंसाठी आणि १९४९ पासून पोलादासाठी सिद्ध केली. आज जगातील ९५ टक्क्यांहून अधिक पोलाद याच पद्धतीने ओतले जाते. लेडलमधून रस आधी टंडिशमध्ये, म्हणजे मधल्या उथळ पात्रात, आणि तेथून साच्यात जातो. उघड्या हवेतून पडणारी धार हवेतला ऑक्सिजन ओढून घेते, म्हणून १९६० च्या दशकात साच्यातील रसात बुडालेली नळी वापरात आली. त्याच सुमारास लेडलवरचा स्टॉपर जाऊन सरकती झडप आली : भोक असलेल्या दोन उच्चतापसह पट्ट्या एकमेकींवर सरकवून प्रवाह उघडायचा आणि मिटायचा. या झडपेचे पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अमेरिकेत निघाले होते. तेवढ्या तापमानाला सपाट आणि अभंग राहणारी पट्टी भाजता यायला आणखी सात-आठ दशके लागली.

बुडत्या नळीची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. पहिल्या नळ्या वितळवून घडवलेल्या सिलिकेच्या होत्या. त्या उष्णतेच्या धक्क्याने तडकत नसत, पण मँगॅनीज असलेले पोलाद त्यांना खाई. त्यांची जागा ॲल्युमिना आणि ग्रॅफाइटच्या नळ्यांनी घेतली. ग्रॅफाइट उष्णता चटकन वाहून नेते, म्हणून नळी तडकत नाही, आणि मळी त्याला चिकटत नाही. साच्यातील मळीच्या रेघेवर नळी सर्वांत अधिक झिजते, म्हणून तेथे झिर्कोनियाचे कडे भाजून बसवले गेले. एवढे केल्यावर नवेच संकट उभे राहिले : नळीच्या आतल्या भिंतीवर ॲल्युमिनाचे पांढरट कवच साचू लागले, भोक अरुंद होत गेले, आणि मधूनच सुटलेला कवचाचा तुकडा पोलादात जाऊन मोटारीच्या पत्र्यावर लांबट चरा होऊन दिसू लागला. कवचातील बराच ॲल्युमिना रसाबरोबर आलेला होता, पण काही नळीनेच घडवला होता. नळीतील कार्बन आणि सिलिका यांच्या अभिक्रियेतून निघणारे वायू भिंतीलगत पोलादातील ॲल्युमिनियमला ऑक्सिजन पुरवत होते. उपाय दोन्ही बाजूंनी झाले. पोलादाच्या बाजूने कॅल्शियम घालून ॲल्युमिनाचे कण द्रवरूप करण्यात आले आणि भोकातून अरगॉन वायू सोडला गेला. विटेच्या बाजूने भोकाला कार्बन व सिलिका नसलेले अस्तर देण्यात आले, आणि जपानमध्ये चुना व झिर्कोनिया असलेल्या अशा नळ्या निघाल्या की त्यांच्या भिंतीवर आलेला ॲल्युमिना चुन्याशी मिळून वितळतो आणि वाहून जातो. विटेने केवळ निरुपद्रवी राहून भागत नाही, तिने पोलाद स्वच्छ करण्यात मदत करावी, ही अपेक्षा येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

ग्रॅफाइटचे मोल तसे दुधारी ठरले. १९७० च्या दशकात जपानने विद्युत् भट्टीसाठी मॅग्नेशिया आणि कार्बनच्या विटा वापरात आणल्या आणि अस्तराचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. पण मोटारीच्या पत्र्यासाठी ०.००३ टक्क्यांहून कमी कार्बनचे पोलाद मागितले जाऊ लागले, तेव्हा त्याच विटेतून रसात जाणारा कार्बन दोष ठरला. शिवाय तीव्र उष्णतेत कार्बन मॅग्नेशियातून मॅग्नेशियम मोकळे करतो आणि ते रसातील ॲल्युमिनाशी मिळून स्पिनेलचे कठीण कण तयार करते. लेडलसाठी म्हणून स्पिनेलयुक्त ॲल्युमिनाची ओतीव अस्तरे आणि डोलोमाइटच्या विटा पुढे आल्या. टायरच्या तारेचे पोलाद करणारे कारखाने उलट ॲल्युमिनायुक्त अस्तरच टाळतात, कारण त्यांना ॲल्युमिनाचा एकही कण परवडत नाही. स्वच्छ वीट अशी सरसकट कोणतीही नसते. ती कोणत्या पोलादासाठी स्वच्छ, हे विचारावे लागते.

भारतात हा उद्योग कोळशाच्या पट्ट्यात वाढला. राणीगंजला बर्न कंपनीचा कुंभारकामाचा कारखाना एकोणिसाव्या शतकातच होता. १९१२ मध्ये जमशेदपूरला पहिली पोलादी लगड पडल्यावर मागणी वाढली आणि धनबादजवळचे कुमारधुबी अग्निविटांसाठी प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, जर्मनीतील डिडियर कंपनीच्या सहकार्याने ओडिशात बेलपहारचा कारखाना निघाला. कच्च्या मालाची श्रीमंतीही होती. सिंगभूमच्या लापसा बुरू येथील कायनाइट आणि मेघालयातील सोनापहाडचे सिलिमनाइट ही ॲल्युमिनायुक्त खनिजे जगात नावाजलेली होती, आणि महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात ही दोन्ही खनिजे, तर सिंधुदुर्गात कणकवलीच्या परिसरात क्रोमाइट सापडते. मॅग्नेशियाच्या बाबतीत मात्र निसर्गाने हात आखडता घेतला. सेलमच्या चॉक हिल्सचे मॅग्नेसाइट लोह व चुना कमी असलेले, पण सिलिका अधिक असलेले. अल्मोडा–पिथौरागढचे मॅग्नेसाइट चुना आणि लोह अधिक असलेले. सांध्यांतील संयुगांचे जे रसायन वर सांगितले ते दोन्ही ठिकाणी आड येते, आणि म्हणून उच्च शुद्धतेचा मॅग्नेशिया भारताला मुख्यतः चीनकडून आणावा लागतो. खनिज धुऊन शुद्ध करण्याच्या संशोधनाला पोलादाच्या क्षमतावाढीइतके महत्त्व मिळाले असते, तर हे परावलंबन एवढे वाढले नसते.

महाराष्ट्रात पोलादाच्या अस्तराचा प्रश्न सर्वांत जवळून दिसतो तो जालन्यात. तेथील कारखाने भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यातील विजेच्या प्रवाहाने धातू तापवणाऱ्या भट्टीत, वितळवून बांधकामाच्या सळया करतात. देशातील बहुतेक इंडक्शन भट्ट्यांना रॅमिंग मासचे अस्तर असते : गारेच्या पुडीत थोडे बोरिक ॲसिड मिसळून ती कोरडीच, पोलादी पत्र्याच्या फॉर्मरभोवती ठोकून भरतात आणि पहिल्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या वितळणीत, ती भाजून घट्ट होते. हे अस्तर स्वस्त असते, एका दिवसात नवे बसते आणि काही हीटनंतर पुन्हा बदलावे लागते. ते ठोकणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात जाणारी धूळ ब्रिटनमध्ये १९१९ साली जिची भरपाई द्यावी लागली तीच आहे, आणि त्याला योग्य मुखवटा व धूळ ओढणारी यंत्रणा मिळणे हा उपकाराचा विषय नाही. धातूच्या दृष्टीने हे अस्तर आम्लधर्मी आहे, म्हणून त्यात चुन्याची मळी चालवता येत नाही आणि भंगारासोबत आलेला फॉस्फरस बाहेर काढता येत नाही. ॲल्युमिना व स्पिनेल यांचे उदासीन अस्तर चुन्याला अधिक तोंड देते, पण त्याची किंमत कित्येक पट आहे, आणि खरेदी विभाग अस्तराचा भाव हीटमागे मोजतो, पोलादात काय उतरले त्यावर मोजत नाही. आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५०० डी प्रतीच्या सळईसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०४० टक्के आहे. सिलिकेच्या अस्तराच्या भट्टीत ती पाळायची असेल, तर माल भट्टीत पडण्यापूर्वी, भंगाराच्या अंगणातच निवडून पाळावी लागते.